राब आणि खैरा : भातशेतीच्या ज्ञानेतिहासातील दोन शब्द

१. प्रास्ताविक

भातशेतीचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाला जमीनमहसूल, पाटबंधारे, दुष्काळ आणि बाजारभाव यांविषयीची साधने विपुल मिळतात. मातीच्या पोटात काय घडत होते आणि ते माणसाला केव्हा व कसे उमगले, याविषयीची साधने मात्र विखुरलेली आहेत. काही सरकारी अहवालांत, काही प्रयोगशाळांच्या नियतकालिकांत, आणि पुष्कळशी शेतकऱ्यांच्या बोलण्यात. या तिसऱ्या प्रकारच्या साधनाकडे इतिहासकार सहसा वळत नाहीत, आणि भाषाभ्यासक वळले तरी शब्दाची नोंद करून थांबतात. प्रस्तुत लेखक कृषिशास्त्राचा अभ्यासक नाही. बोलींच्या पाहणीच्या निमित्ताने भातशेतीतील शब्द गोळा करीत असता त्यांतील दोन शब्दांनी त्याला शास्त्राच्या इतिहासाकडे नेले. त्या दोन शब्दांचा मागोवा घेणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पहिला शब्द ‘राब’. तो कोकणातला आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरचा. दुसरा शब्द ‘खैरा’. तो हिमालयाच्या पायथ्याच्या तराईतला. पहिल्याचा संबंध मातीतील सूक्ष्म जीवांशी आहे, दुसऱ्याचा जस्तासारख्या सूक्ष्म अन्नद्रव्याशी. भाताच्या रोपाची वाढ ज्या दोन अदृश्य गोष्टींवर अवलंबून असते, त्या दोहोंचा इतिहास या दोन शब्दांच्या आधाराने पाहता येतो. त्यातून एक मुद्दा निष्पन्न होतो, तो आरंभीच सांगितलेला बरा. शेतकऱ्याच्या शब्दात निरीक्षण साठलेले असते, कारणमीमांसा नसते. परंतु तो शब्द एका भाषेतून दुसऱ्या भाषेत, किंवा शेतातून कचेरीत जाताना त्या निरीक्षणाचा एखादा भाग गळून पडला, तर कारणाचा शोधही भलत्याच वाटेला लागतो.

२. राब : कृती आणि क्रियापद

कोकणात भाताचे बी एका लहान तुकड्यात पेरून त्याची रोपे पुढे खाचरांत लावतात. या तुकड्याला कोठे दाढ म्हणतात, कोठे राब. रोपांना कोठे तरवा म्हणतात, कोठे आवण. पेरणीपूर्वी, उन्हाळ्यात, या तुकड्याची जी सिद्धता करावयाची तीही राबच. जमिनीवर शेणाचा थर, त्यावर ऐनासारख्या झाडांच्या छाटलेल्या फांद्या म्हणजे कवळ, त्यावर पालापाचोळा व गवत, आणि सर्वांत वर बारीक मातीचा थर, असा हा रचाव असतो. वारा पडलेला पाहून त्याला आग लावतात. ज्या दिशेकडे वारा वाहतो त्या टोकाकडून ती लावतात, म्हणजे आग वाऱ्याच्या उलट, सावकाश सरकत जाते. ज्वाळा उठू नयेत आणि रचाव धुमसत राहावा, यावर सारा कटाक्ष असतो.

या कृतीचे वर्णन एकोणिसाव्या शतकातील गॅझेटियरांत आणि शेतीविषयक अहवालांत आढळते. तेथे आढळत नाही ते क्रियापद. शेतकरी ‘राब भाजतो’, ‘दाढ भाजतो’, आणि या कामाच्या हंगामाला दक्षिण कोकणात ‘भाजावळ’ म्हणतात. मराठीत जाळणे आणि भाजणे यांत स्पष्ट भेद आहे. जाळलेली वस्तू नाहीशी होते. भाजलेली वस्तू उरते, मात्र तिचा गुण पालटतो. सरपण जाळतात, भाकरी भाजतात. मडकेही भाजतात, आणि विस्तव विझल्यावर मडके हाती राहते. बोलींच्या पाहणीत एका वयस्क शेतकरी बाईला प्रस्तुत लेखकाने ‘राबात पाला का जाळतात?’ असे विचारले होते. तिने प्रश्नच दुरुस्त केला. ‘पाला जळतो, भाजायची ती दाढ,’ असे तिचे उत्तर होते.

व्याकरणदृष्ट्या ही दुरुस्ती महत्त्वाची आहे. ‘पाला जाळणे’ या प्रयोगात कर्म पाला आहे, आणि क्रियेचे फळ राख. ‘दाढ भाजणे’ या प्रयोगात कर्म जमीन आहे, आणि क्रियेचे फळ पालटलेली जमीन. पाला, शेण व फांद्या ही येथे केवळ साधने ठरतात. वरचा मातीचा थरही याच अर्थाशी जुळतो. केवळ राख हवी असती तर ढीग करून कोठेही जाळता आला असता, आणि राख आणून पसरता आली असती. आग दाबून ठेवण्याची, ती जमिनीला चिकटून सावकाश चालवण्याची खटपट कोणी केली नसती.

३. राबाचा वाद

१८६४ मध्ये वनखात्याची स्थापना झाली आणि १८७८ मध्ये वनांचा कायदा आला. ज्या डोंगरउतारांवरून शेतकरी पिढ्यान् पिढ्या कवळ तोडीत होता, त्यांपैकी पुष्कळसे उतार राखीव जंगलात गेले. ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांत त्यावरून असंतोष वाढला. मुंबई सरकारने १८८५ मध्ये जंगलविषयक तक्रारींच्या चौकशीसाठी आयोग नेमला आणि १८८७ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. या चौकशीत राबाचा प्रश्न हा एक मुख्य प्रश्न होता. पुढे हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करण्यास आलेले रसायनज्ञ जॉन ऑगस्टस व्होएल्कर यांनीही १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालात राबाची चर्चा केली आहे.

या वादाचा गाभा थोडक्यात असा मांडता येईल. वनखात्याच्या दृष्टीने राब म्हणजे राखेचे खत होते, आणि तेही अतिशय महाग पडणारे. त्यासाठी झाडे ओरबाडली जातात, शेण जाळले जाते, आणि हाती मूठभर राख येते, असा त्यांचा हिशेब होता. मग तेच शेण न जाळता का घालू नये, दुसरे एखादे खत का वापरू नये, असे प्रश्न ओघाने आले. शेतकऱ्याचे म्हणणे एवढेच होते की राबावाचून रोप चांगले येत नाही. ‘का’ या प्रश्नाला त्याच्याजवळ अधिकाऱ्याला पटेल असे उत्तर नव्हते. ज्याला कारण सांगता येत नाही तो रूढीचा दास, हा निष्कर्ष त्या काळी सहज निघत असे.

येथे न्याय दोन्ही बाजूंना दिला पाहिजे. वनाधिकाऱ्यांचे म्हणणे सर्वस्वी निराधार नव्हते. वारंवार छाटलेली झाडे खुरटतात, आणि शेण व पाला जाळला म्हणजे त्यांतील नत्राचा व गंधकाचा मोठा भाग धुराबरोबर हवेत जातो, हे आजही खरेच आहे. परंतु राबाचे मोजमाप करताना त्यांनी जे माप हाती घेतले ते राखेचे होते. ‘भाजणे’ हे क्रियापद कचेरीत पोचता पोचता ‘खत घालणे’ झाले, आणि कर्माच्या जागी असलेली जमीन वाक्यातून गळून पडली. त्यामुळे जमिनीला मिळालेल्या उष्णतेचे काय होते, हा प्रश्न या वादाच्या मध्यभागी कधी आला नाही. या एका शब्दाच्या भाषांतरावर हजारो कुटुंबांचा कवळ तोडण्याचा हक्क तोलला जात होता, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाने विसरू नये.

४. पुण्यातील अभ्यास

हा प्रश्न प्रयोगशाळेत नीट विचारला गेला तो विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभी. हॅरल्ड हार्ट मॅन हे १९०७ मध्ये पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा त्यांनी केलेला अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यामुळे समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्यांचे नाव परिचित आहे. त्यापूर्वीच, १९१२ मध्ये, मॅन, जोशी आणि कानिटकर या तिघांचा पश्चिम हिंदुस्थानातील राबपद्धतीवरचा प्रबंध कृषिखात्याच्या रसायनविषयक ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला होता. त्याची दखल मराठीत फारशी घेतली गेलेली नाही. राबाचा परिणाम केवळ राखेच्या खतगुणाने पुरता उलगडत नाही, मातीला मिळणाऱ्या उष्णतेचाही त्यात मोठा भाग आहे, या दिशेने त्यांचे विवेचन जाते.

हे त्या वेळीच का सुचावे? याचे उत्तर इंग्लंडातील रॉथॅमस्टेड येथील संशोधनात सापडते. तेथे रसेल आणि हचिन्सन यांनी १९०९ मध्ये एक विलक्षण गोष्ट प्रसिद्ध केली होती. माती तापवली, अथवा तिच्यावर टोल्युइनसारख्या द्रव्याची वाफ सोडली, तर तीतील जीवाणूंची संख्या प्रथम एकदम घटते, परंतु काही दिवसांनी मूळच्या कितीतरी पट वाढते. त्याचबरोबर मातीतील अमोनियाही वाढतो आणि पीक अधिक जोमाने येते. मातीत जीवाणूंना खाणारे आदिजीव असतात, उष्णतेने ते मरतात आणि मोकळीक मिळालेले उपयुक्त जीवाणू वाढतात, असा अर्थ त्यांनी लावला. हा अर्थ पुढे अपुरा ठरला. उष्णतेने वा विषारी वाफेने मेलेल्या सूक्ष्म जीवांची शरीरे हेच उरलेल्या जीवाणूंचे अन्न बनते आणि त्यांतील नत्र मोकळे होते, हे नंतर स्पष्ट झाले. त्याच रॉथॅमस्टेडमध्ये जेंकिन्सन आणि पौल्सन यांनी १९७६ मध्ये याच घटनेच्या आधारे मातीतील सजीव द्रव्य मोजण्याची रीत बसवली. स्पष्टीकरण बदलले, निरीक्षण टिकले.

आता हे सर्व दाढीला लावून पाहू. पुढील साखळी आजच्या मृदाशास्त्राच्या आधाराने जुळवलेली आहे, ती १९१२ च्या प्रबंधात जशीच्या तशी शोधू नये. धुमसणाऱ्या राबाने वरची बोट-दोन बोटे माती तापते. तणाचे बी मरते. सूक्ष्म जीवांपैकी पुष्कळसे मरतात आणि त्यांच्या देहातील नत्र अमोनियाच्या रूपाने सुटते. अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जीवाणू उष्णतेला विशेष हळवे असतात, आणि त्यांची संख्या पूर्ववत होण्यास वेळ लागतो. त्यामुळे हे नत्र काही काळ अमोनियाच्या रूपातच राहते. कोकणात पावसाचे मान अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर आहे. नायट्रेट अशा पावसात पाण्याबरोबर वाहून जाते. अमोनिया चिकणमातीच्या कणांना धरून राहतो. शिवाय भाताचे रोप अमोनियाच्या रूपातील नत्र उत्तम प्रकारे घेऊ शकते. राखेतून पालाश, चुना, स्फुरद आणि अत्यल्प प्रमाणात जस्त, तांबे, मंगल व बोरॉन मिळतात ते निराळेच. लावणीपूर्वीच्या तीन-चार आठवड्यांत कोवळ्या रोपाला जे हवे असते, ते या तापलेल्या मातीत एकत्र येते.

शेतकऱ्याला जीवाणू ठाऊक होते, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. तसे म्हणणे हा भाबडेपणा होईल. जमीन भाजली असता तिचा गुण पालटतो, एवढेच त्याला ठाऊक होते, आणि एवढेच त्याच्या क्रियापदात आहे. परंतु अहवाल लिहिणाऱ्यांनी तेवढे जरी जसेच्या तसे उतरून घेतले असते, तरी राखेची मोजदाद करण्यापूर्वी कोणीतरी मातीचे तापमान मोजले असते.

५. पाण्याखालची माती

राबातून निघालेले रोप पुढे खाचरात जाते, आणि तेथे मातीचे जग पुन्हा पालटते. खैराची कथा समजण्यासाठी हा पालट थोडा पाहिला पाहिजे.

चिखलणी करून पाणी बांधले की मातीतील प्राणवायू थोड्याच काळात संपतो. प्राणवायूवाचून जगणारे जीवाणू मग नायट्रेट, मंगल, लोह आणि शेवटी गंधकाची संयुगे वापरू लागतात. अविद्राव्य लोह विद्राव्य होते, स्फुरद अधिक मोकळा होतो. आम्ल माती आणि विम्ल माती या दोन्हींचा सामू उदासीन बिंदूकडे सरकतो. फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत काम करणाऱ्या पोन्नम्पेरुमा यांनी १९७२ मध्ये या सर्व रसायनाचे जे समालोचन केले, ते आजही आधारभूत मानले जाते. पाणी बांधल्याने बहुतेक अन्नद्रव्ये सुलभ होतात. जस्त त्याला अपवाद आहे. बुडालेल्या मातीत त्याची उपलब्धता घटते.

अशा गुदमरलेल्या मातीत भाताची मुळे तग कशी धरतात, या प्रश्नाकडे भारतात लवकर लक्ष गेले. हॅरिसन आणि सुब्रह्मण्य अय्यर यांनी १९१३ पासून भातखाचरांतील वायूंवर निबंध प्रसिद्ध केले. पाण्याखालच्या मातीच्या पृष्ठभागावर जीवाणूंचा आणि शेवाळाचा एक पातळ पापुद्रा असतो. खालून येणाऱ्या ज्वालाग्राही वायूंचे तो रूपांतर करतो आणि प्राणवायूचा पुरवठा वाढवतो, असे त्यांनी दाखवले. पुढे १९३९ मध्ये प. कु. डे यांनी त्याच पापुद्र्यातील निळ्या-हिरव्या शेवाळाकडे बोट दाखवले. बंगालच्या भातखाचरांतील नत्र हवेतून आणून बांधण्याचे काम प्रामुख्याने हे शेवाळ करते, असे त्यांनी सिद्ध केले. खत न घालताही भातजमिनी शतकानुशतके बेताचे का होईना पण पीक देत आल्या, या कोड्याची ही एक मोठी उकल होती. परिस्थिती अनुकूल असता एका हंगामात हेक्टरी वीस ते तीस किलोग्रॅम नत्र या मार्गाने मिळू शकते, असे सामान्यतः मानले जाते.

येथेही शब्दाची एक गंमत आहे. जीवशास्त्र आज या ‘शेवाळा’ची गणना जीवाणूंत करते. शेतकऱ्याच्या आणि कृषिखात्याच्या बोलण्यात मात्र ते शेवाळच राहिले आहे. दिसण्यावरून दिलेले नाव वर्गीकरण बदलले तरी बदलत नाही. त्याने कामही अडत नाही, कारण नावाने ओळख पटते आहे.

६. खैरा : रंगाचे नाव आणि जस्ताचा शोध

१९४७ नंतर तराईचा मोठा प्रदेश लागवडीखाली आला. हिवतापाने आणि दाट जंगलाने ओस असलेल्या या पट्ट्यात फाळणीमुळे निर्वासित झालेली कुटुंबे वसवली गेली. १९६० मध्ये तेथेच पंतनगर येथे देशातील पहिले कृषी विद्यापीठ उभे राहिले. काळीभोर, सेंद्रिय द्रव्याने समृद्ध अशी ही जमीन होती. असे असूनही तेथील भातावर एक विकार दिसू लागला. लावणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी शेतात ठिकठिकाणी रोपे खुरटत, पानांचा बुडखा फिकट पडे, खालच्या पानांवर तांबूस-तपकिरी ठिपके येऊन ते एकमेकांत मिसळत आणि सारे पान गंजल्यासारखे दिसे. फुटवे कमी येत. विकार तीव्र असला तर रोप मरे. या विकाराचे नाव खैरा.

हा शब्द मराठी वाचकाला परका नाही. संस्कृत खदिर, प्राकृत खइर, त्यापासून खैर. खैराच्या गाभ्यापासून कात निघतो, आणि कातावरून एका जमातीला कातकरी हे नाव मिळाले. काताचा जो रंग तो खैरा. वस्तूवरून रंगाचे नाव पडण्याची ही रीत आपल्या भाषांत नेहमीची आहे, जसे तपकिरीवरून तपकिरी. पिकांच्या रोगांची नावेही बहुधा अशीच पडतात. गव्हाचा तांबेरा रंगावरून, भाताचा करपा रूपावरून. त्यांत रोगकारकाचा निर्देश नसतो. तरीही ‘रोग’ म्हटले की मन आपोआप बुरशी, जीवाणू, विषाणू किंवा कीड यांकडे धावते. तांबेरा आणि करपा यांच्या बाबतीत ते योग्यच आहे, कारण दोन्ही बुरशीजन्य आहेत. खैरा त्याच पंक्तीतला शब्द असल्यामुळे त्याचेही कारण तसेच असावे, अशी अपेक्षा होणे स्वाभाविक होते.

य. ल. नेने हे पंतनगर येथे वनस्पतिरोगशास्त्राचे अध्यापक होते. रोगकारक शोधणे हाच त्यांच्या विषयाचा धर्म. त्यांनी मात्र हा विकार रोगकारकामुळे नसून जस्ताच्या उणिवेमुळे होतो असा निष्कर्ष काढला, आणि खैराची लक्षणे, कारण व उपाय सांगणारा त्यांचा निबंध १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. शेतातील भातपिकावर जस्ताची उणीव ओळखली गेल्याची ही जगातील पहिली नोंद मानली जाते. उपाय साधा होता. हेक्टरी पाच किलोग्रॅम झिंक सल्फेट आणि अडीच किलोग्रॅम विझवलेला चुना एक हजार लिटर पाण्यात मिसळून फवारावयाचा. चुन्याने द्रावणाची आम्लता मारली जाते आणि पाने होरपळत नाहीत. रोपांची हिरवाई परतत असे, आणि हा पालट शेतकऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येई.

सुपीक जमिनीत उणीव कशी, हे कोडेही उकलण्याजोगे आहे. प्रश्न मातीत जस्त किती आहे याचा नसून रोपाला किती मिळते याचा आहे. चुनखडीयुक्त, विम्ल मातीत जस्त घट्ट धरले जाते. पाणी बांधल्यावर बायकार्बोनेट वाढून मुळांची वाढ व शोषण मंदावते. सेंद्रिय द्रव्य विपुल असेल तर हे परिणाम आणखी तीव्र होतात. स्फुरदाची भर जास्त झाली तरी रोपातील जस्ताचा तोल बिघडतो. इकडे रोपाला जस्त लागते ते अगदी थोडे, परंतु अनेक विकरांच्या कार्यासाठी आणि वाढीच्या संप्रेरकाच्या निर्मितीसाठी ते अपरिहार्य असते. ते कमी पडले की रोप खुरटते.

यानंतर इतर देशांतील लोकनावांचाही उलगडा होऊ लागला. पाकिस्तानात ‘हड्डा’ आणि फिलिपीन्समध्ये ‘ताया-ताया’ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या भाताच्या विकारांमागेही जस्ताची उणीव असल्याचे आढळले. फिलिपीन्समधील भात संशोधन संस्थेतील योशिदा आणि तनाका यांनी १९६९ मध्ये चुनखडीयुक्त जमिनींतील भातावर प्रसिद्ध केलेले काम या संदर्भात महत्त्वाचे आहे. भारतात १९६७ मध्ये सूक्ष्म अन्नद्रव्यांची अखिल भारतीय समन्वित योजना सुरू झाली. तिच्या पाहण्यांतून जस्ताची उणीव ही देशातील सर्वांत व्यापक सूक्ष्म अन्नद्रव्य-उणीव असल्याचे दिसून आले. तराईतल्या एका रंगवाचक शब्दापासून निघालेला शोध असा देशव्यापी झाला.

७. दोन कथांचा सांधा

राबाची कथा जीवाणूंची आणि खैराची कथा अन्नद्रव्याची, अशी विभागणी आपण विवेचनाच्या सोयीसाठी केली. निसर्गात ती नाही, आणि शास्त्राच्या इतिहासातही ती टिकत नाही. जस्ताची आवश्यकता प्रथम दिसून आली ती एका बुरशीत. पाश्चरचे शिष्य राउलँ यांनी १८६९ मध्ये काळ्या बुरशीच्या संवर्धनात जस्ताचा अंश नसेल तर तिची वाढ खुंटते हे दाखवले. उच्च वनस्पतींना जस्त अत्यावश्यक आहे याचा भक्कम पुरावा सोमर आणि लिपमन यांनी दिला तो १९२६ मध्ये, म्हणजे सत्तावन्न वर्षांनी. नत्र बांधणाऱ्या जीवाणूंना मॉलिब्डेनमचा अंश लागतो हे बोर्टेल्स यांनी १९३० मध्ये सिद्ध केले. नत्र बांधण्याचे काम करणाऱ्या विकरात लोह आणि मॉलिब्डेनम असतात, हे आता सर्वश्रुत आहे. सूक्ष्म अन्नद्रव्य नसेल तर जीवाणूचे काम थांबते, आणि जीवाणूंनी मातीचे रसायन पालटले की सूक्ष्म अन्नद्रव्य रोपाच्या हाती लागते किंवा हातचे जाते. मातीतील अविद्राव्य जस्त आपल्या आम्लांनी विरघळवणारे जीवाणू अलीकडे अभ्यासले जात आहेत, तेही याच सांध्यावरचे काम होय. प्रयोगशाळेत मिळणारे त्यांचे यश प्रत्येक शेतात सारखेच मिळत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

दोन कथांत एक महत्त्वाचा फरक मात्र आहे. खैराच्या बाबतीत शास्त्रज्ञाने शेतकऱ्याचे नाव जसेच्या तसे उचलले, आपल्या निबंधाच्या शीर्षकात ठेवले, आणि त्या नावाने सूचित होणारे लक्षण व त्यामागचे कारण यांत गल्लत केली नाही. नाव देणाऱ्याचा मान राहिला आणि शास्त्राचेही काम झाले. राबाच्या बाबतीत नाव उचलले गेले, पण त्याचे क्रियापद मागे राहिले. म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर विद्यापीठ उभे राहिल्यावर सहा वर्षांत मिळाले, तर दुसरा प्रश्न आयोग बसल्यानंतरही पाव शतक नीट विचारलाच गेला नाही. साधनांतील आणि काळातील फरक येथे अर्थातच जमेस धरला पाहिजे. १८८५ मध्ये मृदाजीवशास्त्र बाल्यावस्थेत होते. तरीही मातीला उष्णता देऊन पाहण्यास सूक्ष्मदर्शकाची गरज नव्हती.

८. समारोप

आज राब पूर्वीच्या प्रमाणावर भाजला जात नाही. कवळ मिळत नाही, माणसे मिळत नाहीत, आणि रोपवाटिकेच्या नव्या रीती आल्या आहेत. ना. के. सावंत यांनी पुरस्कारलेल्या चारसूत्री पद्धतीत भाताच्या तुसाची काळी राख रोपवाटिकेत घालण्यास सांगतात. तीतून सिलिका आणि पालाश रोपाला मिळतात. तेथे राख हेच साधन आहे आणि शब्दही राखेचाच आहे, म्हणून तेथे भाषांतराचा घोटाळा नाही. जस्ताच्या उणिवेवर झिंक सल्फेट जमिनीत मिसळणे ही आता सर्वमान्य शिफारस झाली आहे. खैरा हा शब्द पाठ्यपुस्तकांत स्थिर झाला. ‘दाढ भाजणे’ मात्र बोलीतून हळूहळू ओसरत आहे.

नेने यांनी पुढील आयुष्यात शेतीच्या इतिहासाकडे लक्ष वळवले. १९९४ मध्ये त्यांनी आशियाई कृषी-इतिहासासाठी एक प्रतिष्ठान स्थापले, आणि त्याच्या वतीने सुरपालाचा वृक्षायुर्वेद, कृषिपराशर अशा ग्रंथांची भाषांतरे प्रसिद्ध झाली. जुन्या ग्रंथांतील शेतीज्ञान अशा रीतीने अभ्यासकांपुढे आले. ग्रंथांत कधीच न उतरलेले, केवळ बोलण्यात राहिलेले ज्ञान गोळा करण्याचे काम भाषाविभागांकडे येते.

त्या दृष्टीने बोलींची पाहणी करणाऱ्या विद्यार्थ्यांना एक सूचना करून हा लेख संपवतो. आपल्या बोलीकोशांत नामे पुष्कळ आहेत. राब, दाढ, कवळ, तरवा, आवण हे सारे शब्द अर्थासह गोळा झालेले असतात. त्यांच्याबरोबर येणारी क्रियापदे मात्र बहुधा सुटतात. नाम नोंदवताना त्याचे काय करतात, कोण करतो, आणि त्या क्रियेचे कर्म कोणते, हे वाक्यासह लिहून घ्यावे. ‘दाढ’ या नोंदीपुढे ‘भाताच्या रोपांची जागा’ एवढाच अर्थ दिला, तर शंभर वर्षांनंतरच्या अभ्यासकाला त्यातून काहीच कळणार नाही. ‘दाढ भाजतात’ एवढे दोन शब्द लिहिले, तर निदान माती का भाजत असत, हा प्रश्न तरी त्याला पडेल.